हरिकेन जन्मते कोठे आणि कसे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर येणाऱ्या वादळांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचे सदर त्याच एका विषयासाठी राखून ठेवले आहे. बऱ्याच पत्रांतील शंका एकमेकींशी जुळणाऱ्या असल्याने त्या एकत्र करून घेतल्या आहेत.

प्रश्न : हरिकेन, टायफून आणि चक्रीवादळ ही तीन निराळी वादळे आहेत का? हरिकेन नेमके कोठे तयार होते आणि त्याची सुरुवात कशाने होते?
(एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : वादळ एकच आहे, प्रदेशाप्रमाणे त्याचे नाव बदलते. उत्तर अटलांटिक महासागर, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात आणि पॅसिफिकचा ईशान्य भाग येथे उष्ण कटिबंधातील वादळाचा वारा ताशी ११९ किलोमीटरला पोहोचला की त्याला हरिकेन म्हणतात. जपान, फिलिपीन्स आणि चीनच्या बाजूला त्यालाच टायफून म्हणतात, आणि हिंदी महासागरात ते आपले चक्रीवादळ असते. हरिकेन हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी असलेल्या तायनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तेथून इंग्रजीत गेला. सायक्लोन हा शब्द मात्र आपल्याकडचा, म्हणजे कोलकात्यात घडलेला आहे. हेन्री पिडिंग्टन या तेथील अधिकाऱ्याने बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करून १८४८ च्या सुमारास तो रूढ केला, आणि त्यासाठी सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सूचित करणारा ग्रीक शब्द घेतला. आपल्या ‘चक्रीवादळ’ या शब्दातही तेच वेटोळे आहे.

आता जन्माकडे वळू. हरिकेनचे इंधन म्हणजे समुद्राच्या पाण्याची वाफ, आणि या इंधनाची ओळख आपल्याला घरातच झालेली असते. माठातील पाणी गार राहते, कारण माठाच्या अंगातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उलट, भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढताना हाताला वाफ लागली तर चटका फार जोराचा बसतो, कारण त्या वाफेचे आपल्या त्वचेवर पुन्हा पाणी होते आणि तिने लपवून आणलेली उष्णता तेथे बाहेर पडते. या लपलेल्या उष्णतेला पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा म्हटले आहे आणि तो थोडाथोडका नसतो. एक किलो पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात पाच किलोहून अधिक बर्फगार पाणी उकळीला आणता येईल.

उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावर हेच घडते, फक्त त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरचा असतो. पाण्याची वाफ होते, ती वाफ घेऊन दमट हवा वर चढते, उंचीवर गार होऊन तिचे ढग होतात आणि अप्रकट उष्मा ढगांतील हवेत मोकळा होतो. त्यामुळे ती हवा आणखी ऊबदार, आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. खाली समुद्रालगत हवेचा दाब कमी होतो, ती उणीव भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी हवा धावत येते, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ मध्यभागी न पोहोचता वळत जाते. उत्तर गोलार्धात तिचे चक्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. वारा जेवढा जोराचा, तेवढी समुद्रावरून वाफ अधिक उठते, आणि वाफ जेवढी अधिक, तेवढा वारा जोराचा होतो. एकदा हे रहाट सुरू झाले की वादळ स्वतःच स्वतःला पोसू लागते. जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो आणि एकदोन दिवसांत ते मोडून पडते.

हे सारे ऐकायला सोपे वाटले, तरी प्रत्यक्षात क्वचितच जुळून येते. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असावे लागते, आणि ही ऊब वरच्या थरापुरती असून भागत नाही. ती सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत असावी लागते, कारण वादळी वारा समुद्र घुसळून खालचे पाणी वर आणतो, आणि ते गार निघाले तर वादळ स्वतःच्याच हाताने स्वतःची चूल विझवते. मधल्या उंचीवरची हवा दमट असावी लागते. शिवाय समुद्रालगतचा वारा आणि दहाबारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्या वेगात व दिशेत फार तफावत नसावी. ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि सामान्य माणसाला तीच सर्वांत कमी माहीत असते. वादळ हा उभा स्तंभ आहे. खालचा वारा त्याला एकीकडे आणि वरचा वारा दुसरीकडे ओढू लागला तर मध्यभागी साठणारी ऊब विखुरते आणि स्तंभ कलंडतो.

याशिवाय एक बीज लागते. स्वच्छ, शांत आकाशाखाली केवळ पाणी तापले म्हणून हरिकेन उगवत नाही, आधीपासून ढगांची काहीतरी गडबड चालू असावी लागते. अटलांटिकच्या बाबतीत हे बीज बहुधा आफ्रिकेतून येते. उन्हाळ्यात एकीकडे तापलेले सहारा वाळवंट आणि दुसरीकडे गिनीच्या आखाताचा त्या मानाने थंड, दमट किनारा यांच्या तापमानातील फरकामुळे सुमारे तीन किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जोरदार वारा निर्माण होतो. नदीच्या वेगवान प्रवाहात जसे हेलकावे उठतात तसे हेलकावे या वाऱ्यात उठतात, आणि दर तीन-चार दिवसांनी असा एक हेलकावा गडगडाटी ढगांसह सेनेगलच्या किनाऱ्यावरून अटलांटिकवर उतरतो. वर्षाकाठी असे सुमारे साठ हेलकावे येतात. त्यांपैकी बहुतेक वाटेतच विरतात, कित्येकांना सहारातून आलेली कोरडी, धुळीने भरलेली हवा गिळून टाकते, आणि मोजकेच टिकून मोठे होतात. तरीही अटलांटिकमधील अतिशय तीव्र हरिकेनांपैकी सुमारे ८५ टक्के याच कुळातील असतात.

२०१७ सालचे इर्मा हे याचे ठळक उदाहरण आहे. २७ ऑगस्टला आफ्रिकेचा किनारा सोडलेला एक हेलकावा ३० ऑगस्टला केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेस बांधीव वादळाच्या रूपात आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे हरिकेन झाले. पुढे ऊबदार पाण्यावरून जाताना ५ सप्टेंबरला ते पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोहोचले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८५ किलोमीटर झाला, आणि ६ सप्टेंबरला बार्बुडा हे छोटे बेट त्याच्या वाटेत आले. तेथील बहुतेक सर्व इमारतींची हानी झाली. पाठोपाठ होजे नावाचे दुसरे हरिकेन येत असल्याने संपूर्ण लोकवस्ती शेजारच्या अँटिग्वा बेटावर हलवावी लागली. शेकडो वर्षे वसलेले बेट काही काळ निर्मनुष्य झाले. सहाराच्या कडेला उठलेल्या एका हेलकाव्यापासून तेथपर्यंतचा हा प्रवास अवघ्या दहा दिवसांचा होता.

प्रश्न : आमच्याकडे होड्या जूनमध्ये किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, कारण दर्या तेव्हा सर्वांत खवळलेला असतो. मग चक्रीवादळे मात्र मे-जूनच्या सुरुवातीला किंवा दिवाळीच्या आसपास का येतात? ऐन पावसाळ्यात का येत नाहीत?
(एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, आणि वर सांगितलेल्या वाऱ्यांच्या तफावतीची अट आपल्या समुद्राइतकी स्पष्ट क्वचितच कोठे दिसते. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावर खालच्या थरात नैऋत्येकडून जोराचा मोसमी वारा वाहतो, तर त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर पूर्वेकडून तितकाच जोरकस वारा वाहत असतो. एवढ्या ओढाताणीत वादळाचा उभा स्तंभ टिकूच शकत नाही. बंगालच्या उपसागरात पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे होतात, पण ती उपसागराच्या उत्तर टोकाला होऊन लवकरच जमिनीवर चढतात. त्यांचा पाऊस विदर्भापर्यंत पोहोचतो, परंतु त्यांची चक्रीवादळे सहसा होत नाहीत. मोसमी वारे स्थिरावण्यापूर्वी आणि ते परत फिरल्यानंतर ही तफावत ओसरते, समुद्र तर तापलेला असतोच, आणि म्हणून आपल्याकडे वादळांचे दोन हंगाम पडतात. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले, निसर्ग ३ जून २०२० रोजी, आणि तौक्ते मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला समांतर जाऊन १७ तारखेला गुजरातेत शिरले. या तिन्ही तारखा त्या दोन हंगामांतच बसतात.

अटलांटिकला मोसमी वाऱ्यांची ही आडकाठी नाही. त्यामुळे तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर असा एकच सलग हंगाम धरतात आणि १० सप्टेंबरच्या आसपास तो शिगेला असतो, कारण समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि त्याची ऊब उन्हाळा सरत आल्यावर पूर्ण भरते.

आपल्याच पत्रात अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात वादळे अधिक का, असेही विचारले आहे. उपसागर अधिक ऊबदार असतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगत राहते आणि खालचे गार पाणी सहजी वर येऊ देत नाही. शिवाय दक्षिण चीन समुद्रातील विरलेल्या वादळांचे अवशेष तेथे पोहोचून नवे बीज ठरतात. अरबी समुद्राला सोमालियाजवळ वर येणारे गार पाणी आणि अरबस्तानाकडची कोरडी हवा आजवर आवर घालत आली आहे.

प्रश्न : विषुववृत्तावर समुद्र सर्वांत जास्त तापतो, तर तेथे सर्वांत जास्त हरिकेन का होत नाहीत? आणि बेसिनमधले पाणी भोवरा करत जाते, ते त्याच कारणाने का?
(इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. पृथ्वी फिरत असल्याने लांब अंतर कापणारी हवा उत्तर गोलार्धात आपल्या मार्गाच्या उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. ध्रुवांकडे तो वाढत जातो आणि विषुववृत्तावर शून्य असतो. तेथे कमी दाबाकडे धावणारी हवा न वळता थेट मध्यभागी पोहोचते आणि खळगा भरून टाकते, त्यामुळे चक्र बांधलेच जात नाही. म्हणून विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत वादळे जवळजवळ होत नाहीत. याला अपवाद म्हणून डिसेंबर २००१ मधले वामेई हे टायफून प्रसिद्ध आहे. ते सिंगापूरजवळ, विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या दीड अंशावर तयार झाले. बोर्निओजवळचा एक भोवरा आणि उत्तरेकडून आलेला जोराचा मोसमी वारा यांची तेथे गाठ पडली होती.

बेसिनचा मात्र याच्याशी संबंध नाही. कोरिऑलिस परिणाम शेकडो किलोमीटर आणि कित्येक तास मिळाले तरच जाणवतो. बेसिनमधले पाणी काही सेकंदांत निघून जाते, आणि ते कोणत्या बाजूला वळेल हे बेसिनचा आकार, नळाची धार आणि पाणी आधी कसे हलत होते यांवर ठरते. घरातल्या दोन-तीन बेसिनमध्ये करून पाहा. दिशा एकसारखी मिळणार नाही.

नकाशावर आणखी दोन रिकाम्या जागा तुला दिसतील. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला पेरूजवळ हंबोल्ट हा गार सागरी प्रवाह आहे, म्हणून तेथे वादळे नाहीत. दक्षिण अटलांटिकमध्ये पाणी त्या मानाने गार आणि वरच्या वाऱ्यांची तफावत मोठी असते. तेथे हरिकेन होतच नाही असे पूर्वी मानत, पण मार्च २००४ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्याच्या किनाऱ्यावर एक आलेच, आणि त्या राज्यावरून त्याला कातारिना म्हणू लागले.

प्रश्न : आम्ही २०१७ साली टॅम्पा येथे राहत होतो. इर्मा येत असताना आमच्या घरासमोरच्या खाडीतले पाणी अक्षरशः नाहीसे झाले आणि तळाचा चिखल उघडा पडला. वादळ आले की पाणी चढते असे आम्ही ऐकले होते. हे उलटे कसे झाले?
(एक वाचक, फ्लोरिडा)

उत्तर : आपण पाहिलेले दृश्य त्या दिवशी अनेकांनी पाहिले. १० सप्टेंबरला टॅम्पाच्या खाडीत लोक कोरड्या पडलेल्या तळावर चालत गेले. थोड्या दक्षिणेला चिखलात रुतून बसलेल्या दोन समुद्रगायींना माणसांनी ताडपत्रीवर ओढून खोल पाण्यापर्यंत नेले.

याचे कारण चक्राच्या दिशेत आहे. इर्मा दक्षिणेकडून वर येत होते आणि टॅम्पा त्याच्या केंद्राच्या उत्तरेस होते. घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या चक्राच्या उत्तर बाजूला वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. टॅम्पाची खाडी पश्चिमेला आखाताकडे उघडते, त्यामुळे या वाऱ्याने पाणी किनाऱ्यावर न आणता बाहेर लोटले. केंद्र पुढे सरकल्यावर वाऱ्याची दिशा फिरली आणि पाणी परत आले. अशा वेळी उघड्या तळावर जाणे अत्यंत धोक्याचे असते, कारण पाणी नेहमीच्या भरतीसारखे अदमासाने येत नाही.

हाच हिशेब आपल्या गावाकडच्या किनाऱ्यालाही लागू होतो. निसर्ग चक्रीवादळ ईशान्येकडे सरकत अलिबागच्या किंचित दक्षिणेस जमिनीवर आले. केंद्राच्या दक्षिणेस वारा समुद्राकडून जमिनीकडे, तर उत्तरेस जमिनीकडून समुद्राकडे होता. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन ही गावे दक्षिणेच्या म्हणजे मार सोसणाऱ्या बाजूला आली, आणि मुंबई उत्तरेच्या बाजूला राहिली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दुपारी आडव्या झाल्या, आणि पोफळीचे नवे झाड लावून त्याला सुपारी लागायला पाच-सहा वर्षे तरी जातात. मुंबई वाचली एवढ्यावर त्या दिवसाच्या बातम्या थांबल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : वादळांना नावे कोण देते?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : अटलांटिकसाठी जागतिक हवामान संघटनेच्या सहा याद्या आहेत आणि त्या आळीपाळीने वापरतात. फार हानी करणाऱ्या वादळाचे नाव यादीतून कायमचे काढून टाकतात. १९५३ पासून तेथे केवळ स्त्रियांची नावे होती, १९७९ पासून पुरुषांचीही आली. आपल्या बाजूच्या समुद्रांसाठी नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. सध्याची यादी २०२० ची असून १३ देशांनी प्रत्येकी १३ अशी १६९ नावे दिली आहेत. बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे तिच्यातील पहिले नाव होय.

प्रश्न : एवढी विद्या हाताशी असताना वादळ समुद्रावरच का मोडून काढत नाहीत? बाँब टाकून किंवा रसायन फवारून काही करता येणार नाही का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : प्रयत्न झाले आहेत, आणि ते गांभीर्याने झाले आहेत. अमेरिकेने १९६२ ते १९८३ या काळात ‘स्टॉर्मफ्युरी’ नावाचा प्रकल्प चालवला. विमानांतून हरिकेनच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडायचे, त्यामुळे गोठणबिंदूखालीही द्रवरूपात राहिलेल्या पाण्याचे बर्फ होईल, डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या अगदी मध्यावरील शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीबाहेर दुसरी भिंत उभी राहील आणि वारा मंदावेल, अशी ती कल्पना होती. काही वादळांत वारा खरोखरच मंदावलेला दिसला. पुढे लक्षात आले की असे पाणी हरिकेनमध्ये फारच थोडे असते, आणि जुनी भिंत विरून बाहेर नवी भिंत बांधली जाणे ही क्रिया कोणी हात न लावताही तीव्र वादळांत आपोआप घडते. यशाचा पुरावा म्हणून जे मोजले होते ते निसर्गाचेच काम निघाले आणि प्रकल्प बंद झाला. त्याच्या निमित्ताने झालेल्या विमानफेऱ्यांनी मात्र वादळाच्या अंतरंगाची अमोल माहिती दिली.

बाँबचा विचार करण्यापूर्वी शक्तींची तुलना करावी. पूर्ण वाढलेल्या हरिकेनमध्ये बाष्पाचे पाणी होताना दर क्षणी सुटणारी उष्णता जगातील सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या कित्येक पट असते. अणुबाँबच्या धक्क्याने कमी दाबाचा तो खळगा भरून निघत नाही, आणि किरणोत्सारी धूळ मात्र वारा किनाऱ्यापर्यंत आणून पोहोचवील.

प्रश्न : उपग्रह नव्हते तेव्हा हरिकेन येणार हे कळत असे का?
(एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर)

उत्तर : काही जणांना कळत असे. क्युबाची राजधानी हवाना येथील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख, जेझुइट धर्मगुरू बेनितो विन्येस यांचे नाव याबाबत आदराने घ्यावे लागेल. हवेचा दाब, दूरच्या वादळाने किनाऱ्यावर आणलेल्या लाटा आणि आकाशात खूप उंच, पिंजलेल्या कापसासारखे पसरलेले पांढरे ढग ही त्यांची साधने होती. हरिकेनच्या माथ्यावरून बाहेर फेकली जाणारी हवा हे ढग दूरवर नेते आणि त्यांचे तंतू वादळाच्या दिशेकडे एकत्र होताना दिसतात. वेगवेगळ्या उंचीवरच्या ढगांची चाल टिपून वादळाचे केंद्र कोठे आहे आणि ते कोणीकडे जाईल हे विन्येस ताडत, आणि सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी दिलेला इशारा हा हरिकेनच्या छापील पूर्वसूचनांपैकी अगदी आरंभीचा मानला जातो.

विन्येस १८९३ साली वारले, पण क्युबात त्यांची परंपरा टिकून होती. सप्टेंबर १९०० मध्ये एक वादळ क्युबा ओलांडून गेले तेव्हा ते मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्सासकडे जाईल असे तेथील जाणकारांचे मत होते. ते फ्लोरिडाकडे वळेल असे अमेरिकेच्या हवामान खात्याने धरले, आणि त्या खात्याने क्युबातून तारेने येणाऱ्या वादळविषयक संदेशांवर निर्बंधही घातले होते. ८ सप्टेंबरला ते वादळ टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या शहरावर आदळले. सुमारे आठ हजार माणसे गेली. अमेरिकेत आजवर कोणत्याही नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसे दगावलेली नाहीत. शास्त्र होते, निरीक्षण होते, तारही होती. ऐकून घेण्याची तयारी मात्र नव्हती.

प्रश्न : हवामानबदलामुळे हरिकेनांची संख्या वाढते आहे का?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : एकूण संख्या वाढते आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. अटलांटिकमध्ये वर्षाला सरासरी १४ नामांकित वादळे आणि त्यांपैकी ७ हरिकेन होतात, पण वर्षावर्षांत फरक मोठा असतो. मात्र गेल्या चार दशकांत जगभरातील वादळांपैकी तीव्र वादळांचा वाटा वाढल्याची दाट शक्यता शास्त्रज्ञांनी नोंदवली आहे, आणि पावसाबाबत शंकेला जागा उरत नाही, कारण हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी हरिकेनने टेक्सासमध्ये एका ठिकाणी १५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला. पुण्यात वर्षभरात पडतो त्याच्या सुमारे दुप्पट पाऊस तेथे काही दिवसांत पडला.

अधिक काळजीची बाब म्हणजे वादळ एकाएकी बळावणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्कोसमोरचे ओटिस हे साधे वादळ चोवीस तासांच्या आसपास पाचव्या श्रेणीचे हरिकेन झाले आणि २५ तारखेला मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावर आले. आदल्या दिवशी सकाळी लोक जे वादळ गृहीत धरून होते, त्याहून सर्वस्वी निराळे वादळ रात्री त्यांच्या दारात होते. अरबी समुद्रही तापतो आहे, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवायला हवे.

प्रश्न : माझी आजी सांगत असे की तिच्या लहानपणी आलेल्या तुफानात वारा दोनदा आला. आधी डोंगराकडून आला, मग सारे शांत झाले, चांदणे पडले, आणि मग दर्याकडून आला. आम्हाला ती गोष्टच वाटायची. असे होऊ शकते का?
(एक वाचक भगिनी, दापोली तालुका)

उत्तर : आपल्या आजींनी जे सांगितले ते शब्दशः खरे असणार, आणि त्यांनी दिशासुद्धा अचूक सांगितल्या आहेत. वादळाचा डोळा आपल्या घरावरून गेला तरच हा अनुभव येतो.

वादळ पुरेसे तीव्र झाले की आत धावणारी हवा अखेरीस केंद्राभोवती इतक्या वेगाने फिरू लागते की ती अगदी मध्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. ती एका कड्यात वर चढते, आणि तेथे पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत ढगांची भिंत उभी राहते. सर्वांत जोराचा वारा आणि सर्वांत मुसळधार पाऊस याच भिंतीत असतो. वर गेलेल्या हवेचा थोडा भाग मध्यभागी हलकेच खाली उतरतो, उतरताना तापतो आणि कोरडा होतो, त्यामुळे तेथले ढग विरतात. हाच डोळा. तो बहुधा ३० ते ६५ किलोमीटर रुंद असतो. विमानातून त्यात शिरलेल्या निरीक्षकांना चहूबाजूंनी वर रुंदावत गेलेली ढगांची पांढरी भिंत, माथ्यावर निळे आकाश आणि खाली सर्व दिशांनी उसळणारा समुद्र दिसतो. आपल्या आजींना त्याच गोल झरोक्यातून चांदणे दिसले.

आता दिशांचे पाहू. कोकणात येणारे वादळ बहुधा ईशान्येकडे सरकत येते. डोळा पोहोचण्यापूर्वी गाव चक्राच्या पुढच्या बाजूला असते, आणि तेथे वारा आग्नेयेकडून म्हणजे डोंगराकडून येतो. डोळा पुढे गेला की गाव चक्राच्या मागच्या बाजूला येते, आणि तेथे वारा वायव्येकडून म्हणजे दर्याकडून येतो. मधल्या शांततेला ठरावीक मुदत नसते. चाळीस किलोमीटर रुंद डोळा ताशी वीस किलोमीटरने सरकत असेल तर त्याच्या मध्यरेषेवरच्या गावाला दोन तास मिळतात, पण कडेने जात असेल तर पाव तासही मिळत नाही. या अवधीत लोक उडालेली कौले बघायला, गोठ्यातली गुरे सोडायला, होडी बांधायला बाहेर पडतात. दुसरा वारा पहिल्यासारखा हळूहळू वाढत येत नाही. भिंतीची दुसरी कड सरळ अंगावर येते. एका बाजूने वाकून मुळे सैल झालेली माडा-पोफळीची झाडे उलट्या बाजूने हिसकली जातात, आणि हा वारा समुद्राकडचा असल्याने उधाणाचे पाणीही त्याच्याबरोबर चढते. म्हणून वारा थांबला तरी वेधशाळेचा इशारा मागे घेतला जाईपर्यंत घराबाहेर पडू नये, आणि तेवढ्या उसंतीत काही करायचेच असेल तर समुद्राकडची दारे-खिडक्या आतून पक्क्या कराव्यात.